कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली? पुढची वर्षं ती अशी सांभाळा

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा रिपोर्ट येतो, एलडीएलचा ('वाईट' कोलेस्टेरॉलचा) आकडा ठळक छापलेला असतो आणि डॉक्टर एक छोटीशी गोळी लिहून देतात. तीन महिन्यांनी आकडा उतरतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आता नॉर्मल आलंय ना, मग गोळी कशाला?" मीही ते ऐकलं होतं. माझं एलडीएल १६८ वरून ८२ वर आलं होतं. गोळी बंद केली आणि तीन महिन्यांत ते १६१ झालं. तो ८२ चा आकडा गोळीने आणलेला होता. गोळी गेली तसा तोही गेला.

असं का होतं, हे आधी समजून घ्या. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. अॅटोर्वास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली औषधं त्यासाठी लागणारं एक एन्झाइम अडवतात. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागतं, म्हणून ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. औषध थांबलं की यकृत पुन्हा पूर्वीसारखं कामाला लागतं. (पहिलं स्टॅटिन जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडलं. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.)

१. तुमचा आकडा कोणता, हे विचारा

लॅबच्या कागदावरची मर्यादा सगळ्यांना सारखीच छापलेली असते. तुमची मर्यादा मात्र तुम्हाला हृदयविकाराचा धोका किती, यावर ठरते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोका असलेल्यांनी एलडीएल १०० च्या खाली ठेवावं, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ७० च्या खाली आणि हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांनी ५५ च्या खाली. म्हणजे ९५ हा आकडा एकाला उत्तम, तर दुसऱ्याला अपुरा. तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा, कारण थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि मग आधी त्यावर उपचार करावे लागतात.

२. गोळीची वेळ बांधून घ्या

अॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही घेता येतात. सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्री घ्यावं. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला गोळी जोडा. बीपीची गोळी असेल तर तिच्यासोबत, नाहीतर रात्री दात घासल्यावर. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पट्टीत पाच गोळ्या उरल्या की नवी आणायची, हा नियम गावाला जाताना फार उपयोगी पडतो.

खर्चामुळे गोळी सुटत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं कमी दरात मिळतात. फक्त पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहा. वेगळ्या ब्रँडच्या नावाखाली एकच औषध दोनदा घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

३. त्रास झाला तर फोन करा, गोळी परस्पर सोडू नका

मांड्या, पोटऱ्या, खांदे दुखणं ही नेहमीची तक्रार. त्यावर डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन देणं, किंवा आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारं इझेटिमाइब जोडणं, असे बरेच मार्ग असतात. पण खूप अशक्तपणा, चहासारखी गडद लघवी किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या आजारासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरची इट्राकोनाझोलसारखी गोळी लिहून दिली जात असेल, तर स्टॅटिन चालू असल्याचं आवर्जून सांगा. काही स्टॅटिनचं प्रमाण त्यांच्यामुळे रक्तात वाढतं. गर्भधारणा ठरवत असाल तर आधी डॉक्टरांशी बोला.

४. स्वयंपाकघरात तेल मोजा

इथे सगळ्यात जास्त करण्यासारखं आहे. महिन्याचं एकूण तेल भागिले माणसं, भागिले तीस, एवढा हिशेब करून पाहा. चौघांच्या घरात पाच लिटर संपत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर जातं. ते निम्म्यावर आणायचं. फोडणी बाटलीतून थेट न ओतता चमच्याने घातली तर चव न बदलता तेल बरंच कमी लागतं.

तेलाच्या डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री' या शब्दांना भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. बघायची ती संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट). ती खोबरेल तेलात, तुपात, लोण्यात भरपूर असते आणि पामतेलातही बरीच. चहाबरोबरची खारी, टोस्ट, नानकटाई, फरसाण यांच्या पाकिटामागे पामतेल किंवा वनस्पती तूप सापडतं. माझ्या मते, घरच्या भाकरीवरच्या चमचाभर तुपापेक्षा रोजची ही खारी आधी सुटली पाहिजे. शेंगदाण्याच्या कुटाला घाबरायचं कारण नाही, मूठभर दाणे चालतात.

आता वाढवायचं काय? मटकीची, वाटाण्याची उसळ, राजमा, सालीसकट डाळी, ओट्स. यातला विरघळणारा तंतू आतड्यातलं पित्त आणि कोलेस्टेरॉल धरून बाहेर नेतो. इसबगोलही त्याच कामाचं, पण ते गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब ठेवा. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली कालवणात खावी, तळून नको. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, वाढलेलं असेल तर साखर, मैदा आणि दारू यांच्याबाबत आधी हात आखडता घ्यावा लागतो.

५. चाला, आणि तंबाखू सोडा

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. चालण्याने एलडीएल फारसं उतरत नाही, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे निराशा होणार नाही. ट्रायग्लिसराइड, वजन, साखर, रक्तदाब यांना त्याचा खरा फायदा होतो. विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री यांतलं काहीही चालू असेल तर गोळीच्या मेहनतीवर पाणी पडतं.

६. तपासणी आणि घरची माणसं

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत तपासणी करा, पुढे सहा महिने ते वर्षभराने. बहुतेकांना उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल तर लागते. जुने रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावा.

औषधाआधीचं तुमचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त होतं का, किंवा घरात कुणाला तरुण वयात हार्ट अटॅक आला होता का? मग हा दोष आनुवंशिक असू शकतो, आणि तसा असला तर प्रत्येक भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी असते. बारीक, धावणारं मूलही त्यातून सुटत नाही. तुमच्या पुढच्या तपासणीला जाताना त्यांनाही सोबत न्या.