मदत करणारा उंदीर वर्गात कसा शिकवावा

बारावीला मेंदूचा धडा आला की भागांची नावं लिहून देण्याआधी मी उंदराचा प्रयोग सांगते. तुम्हीही हा क्रम ठेवून पाहा.

फळ्यावर एक पारदर्शक नळी काढा. आत अडकलेला उंदीर, बाहेर त्याच्याच पिंजऱ्यातला सोबती. दार फक्त बाहेरून उघडतं. शिकागो विद्यापीठातल्या इनबाल बेन-अमी बार्ताल आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. रोज तासभर, असे १२ दिवस. बाहेरचा उंदीर आधी नुसता नळीभोवती घुटमळतो, फटीत नाक खुपसतो. काही दिवसांनी दार ढकलायची युक्ती सापडते, आणि मग तो थेट दारच गाठतो.

“मॅडम, खेळत असेल तो!” असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या, मोलाची शंका आहे ती. मग सांगा की रिकाम्या नळीसाठी किंवा आत खेळण्यातला उंदीर असताना त्यांनी एवढा खटाटोप केला नाही. शेजारी दुसऱ्या बंद नळीत चॉकलेट ठेवलं तेव्हा त्यांनी दोन्ही दारं उघडली, आणि बऱ्याचदा सोबत्यासाठी तुकडे उरले.

आता मेंदू काढा. दुसऱ्याचा त्रास जाणवण्याशी निगडित असलेले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग तांबड्या खडूने, न्यूक्लिअस अकंबन्स हिरव्याने. बार्ताल यांच्या २०२१ च्या अभ्यासात परक्या जातीचा (म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या दुसऱ्या वाणाचा) उंदीर अडकलेला असतानाही तांबडे भाग जागे होते, पण दार सहसा उघडलं गेलं नाही. बक्षिसाशी निगडित असलेला हिरवा भाग आपल्या जातीच्या उंदरासाठीच विशेष जागा झाला. म्हणून ‘परक्याचा त्रास उंदराला कळतच नाही’ असं वहीत लिहू देऊ नका.

‘आपला’ म्हणजे कोण, हे मात्र मुलांना आधी ओळखू द्या. उत्तर २०१४ च्या प्रयोगात आहे: जन्मापासून दुसऱ्या जातीत वाढलेल्या उंदरांनी त्या जातीच्या अनोळखी उंदरांना सोडवलं, स्वतःच्या जातीच्यांना नाही. इथे वर्ग हमखास गप्प होतो. घाई करू नका.

हिरवा भाग जागा झाला म्हणून त्यानेच दार उघडवलं, हे सिद्ध होत नाही. एवढं वाक्य फळ्यावर ठळक लिहा. कारण शोधायचं तर काहीतरी बदलून पाहावं लागतं. २०१६ साली उंदरांना मिडॅझोलॅम हे चिंता शमवणारं औषध दिलं. त्यांनी सोबत्याला सोडवलं नाही, चॉकलेटचं दार मात्र उघडलं.

चाचणीत ‘नावे लिहा’ऐवजी हा प्रश्न घाला: औषध दिलेल्या उंदरांसमोर चॉकलेट का ठेवलं असेल?