रेड वाइन की व्हाइट? आपली आवड नागपुरात घरच्या घरी कशी ओळखावी

“रेड कडू लागते बुवा, आपल्याला व्हाइटच बरी.” नागपुरात हे वाक्य फार ऐकू येतं, आणि बऱ्याचदा तो निकाल घाईचा असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना कपाटातली बाटली उघडली आणि सोबत सावजी रस्सा वाढला, तर कुठलीही रेड वाइन वाईटच लागणार. दोन्ही वाइनना सारखी संधी देऊन मगच ठरवा. त्यासाठी एक संध्याकाळ पुरते. वय मात्र 21 पूर्ण हवं, पिण्याचा परवाना हवा, आणि त्या रात्री कुणीही गाडी चालवायची नाही.

आधी बाटल्या. दोन्ही ‘ड्राय’, म्हणजे गोड नसलेल्या, आणि साधारण एकाच किमतीच्या घ्या. महागडी रेड आणि स्वस्त व्हाइट समोरासमोर ठेवली, तर तुलना किमतीची होते. नाशिककडची शिराझ (रेड) आणि सोव्हिन्यों ब्लां (व्हाइट) ही जोडी सुरुवातीला चांगली. 375 मिलीची अर्धी बाटली मिळाली तर उत्तमच. उन्हात शोकेसमध्ये उभी असलेली बाटली घेऊ नका. घेतलेली बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवून बाकीची खरेदी करत फिरू नका. उन्हाने वाइन आतल्या आत शिजते, फळाचा ताजा वास जातो, आणि दोष मात्र वाइनच्या जातीला लागतो. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून बाटली हलक्या दर्जाची समजू नका, आत चांगली वाइन असते.

आता तापमान. माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. तिथली खोली 16 ते 18 अंशांची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावूनही खोली तितकी गार होत नाही. गरम रेडमधला अल्कोहोल नाकात चढतो आणि फळाचा स्वाद मागे पडतो. म्हणून रेडची बाटली पिण्याआधी चाळीस-पन्नास मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइटचं उलटं होतं. फ्रिजमधून काढल्या काढल्या ती इतकी गार असते की वास येतच नाही. दहा मिनिटं बाहेर राहू द्या, 8 ते 12 अंशांवर ती खुलते.

चाखताना कूलर बंद ठेवा, हेही सांगायला हवं. ओल्या वाळ्याचा वास कितीही सुखद असला तरी पेल्यातल्या वासावर कुरघोडी करतो. उदबत्ती आणि अत्तरही नको.

यानंतर जिभेची ओळख करून घ्या. एका कपात दूध-साखर न घालता चहापत्ती दहा मिनिटं उकळत्या पाण्यात राहू द्या. दुसऱ्यात पाण्यात लिंबू पिळा, मीठ-साखर नको. चहाचा घोट घेतल्यावर हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, तो टॅनिनचा तुरटपणा. लिंबाने तोंडाला पाणी सुटतं, ते आम्ल. रेड बनवताना काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात. साली-बियांतून रंग येतो आणि टॅनिनही. व्हाइटसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात, म्हणून तिच्यात टॅनिन नगण्य आणि आंबटपणा पुढे असतो. ‘कडू’ म्हणून लोक जे नाकारतात, ते पुष्कळदा हे तुरटपण असतं. कोरा कडक चहा तुम्हाला आवडतो का, यावरूनही अंदाज येतो.

मग डोळ्यांना रुमाल बांधा. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्सच्या बोर्दोमधल्या फ्रेडरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी व्हाइट वाइनला लाल रंग दिला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 जणांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला फसवतो, तो असा. घरातल्या कुणाला तरी दोन सारख्या पेल्यांत थोडी थोडी वाइन ओतायला सांगा. या फेरीसाठी दोन्ही बाटल्या साधारण सारख्याच गार असू द्या, नाहीतर गारव्यावरूनच ओळखाल. पेला हलकेच फिरवा, वास घ्या, छोटा घोट तोंडात घोळवा. नाव ओळखू नका. दुसरा घोट कोणत्या पेल्यातला घ्यावासा वाटतो, एवढंच सांगा.

जेवणासोबतची फेरी शेवटी, आणि नागपुरात तीच खरी परीक्षा. सावजीचा काळा मसाला आणि लाल मिरची यांच्यासमोर टॅनिनवाली रेड ठेवली की तिखट आणखी भडकतं, तुरटपणही टोचतं. त्या ताटासोबत शेनिन ब्लां ही व्हाइट घ्या. आपल्याकडे ती बहुधा किंचित गोडसर करतात, आणि गारवा आणि गोडसरपणा मिळून मिरचीची आग खाली आणतात. तर्री पोहा किंवा पाटोडी रस्सा असला तरी हाच नियम. सांबारवडीसोबत, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीसोबत, सोव्हिन्यों ब्लां छान जमते, कारण तिच्यातही हिरवट पाल्याचा वास असतो. रेडला न्याय द्यायचा असेल तर कमी तिखटाचं सुकं मटण किंवा तंदुरी करा. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला मऊ करतात. तीच शिराझ तिथे वेगळी वाटते.

एका दिवसावर निकाल पक्का करू नका. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत हाच खेळ पुन्हा करून पाहा, कित्येकांचं मत तेव्हा रेडकडे झुकतं. रेडचं फळ आवडलं पण तुरटपण नको वाटलं, तर पुढची बाटली रोझेची आणा. तिचा रस सालींसोबत थोडेच तास राहतो, त्यामुळे रंग गुलाबी आणि टॅनिन कमी. उरलेली वाइन, रेडसुद्धा, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. वर्ध्याच्या पाहुण्यांसोबत मात्र ती बाटली पाठवू नका. तिथे दारूबंदी आहे.