दुसऱ्याची लायब्ररी घेताना लायसन्सचं काय करायचं

लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी मी तिची लायसन्स फाइल (वापराच्या अटी) उघडून वाचते. पॅकेजच्या माहितीत 'एमआयटी' (कमी अटींचं एक लायसन्स) लिहिलंय, एवढ्यावर भागत नाही. आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये तिसऱ्याच कुणाचा सी कोड असतो आणि त्याच्या डोक्यावर एलजीपीएलची, म्हणजे जास्त अटींच्या लायसन्सची, नोंद असते. फाइलच नसेल तर लायब्ररी घेऊ नका. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून वापरायची परवानगी मिळत नाही, हक्क लेखकाकडेच असतात. प्रोजेक्टच्या पानावर इश्यू (तक्रार किंवा सूचना) टाकून लायसन्स जोडायची विनंती करा.

मग दोन्ही लायसन्स एकमेकांशी जुळतात का ते बघा. तुमचा प्रोजेक्ट 'फक्त जीपीएल 2' (सोर्स खुला ठेवायला लावणारं लायसन्स) असेल तर अपाची 2.0 या लायसन्सचा कोड त्यात मिसळू नका. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते या दोघांचं जुळत नाही. '2 किंवा पुढची' असेल तर जीपीएल 3 धरून चालतं. एजीपीएल या जीपीएलच्याच भावंडाचा प्रोग्राम बदलून नुसता सर्व्हरवर चालवलात, तरी नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना सोर्स मिळायची सोय करावी लागते.

खरी गळती होते ती रिलीजच्या वेळी. एमआयटीची अट एकच आहे: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत द्या. ज्याने फुकट कोड दिला त्याचं नावही पुसायचं, हे मला अजिबात पटत नाही. पण मिनिफायर (कोड आटवून लहान करणारं साधन) कॉमेंट उडवतो. वेबपॅक (फाइली एकत्र बांधणारं साधन) लायसन्सच्या नोंदी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये काढतं आणि सर्व्हरवर चढवणारी डिप्लॉयची स्क्रिप्ट फक्त जेएस फाइली उचलते! म्हणून तयार बिल्ड उघडा, लेखकाचं नाव शोधा. सापडलं नाही तर सगळे मजकूर एका फाइलमध्ये जमवून सोबत द्या. अपाचीच्या कोडसोबत नोटिस फाइल असेल तर तिचा मजकूरही त्यात घ्या, आणि तुम्ही बदललेल्या फाइलींवर तशी नोंद करा.

फाइल कॉपी करून घेतली असेल तर मूळ हेडर (फाइलच्या डोक्यावरची नोंद) तसंच ठेवा. ती कुठून, कोणत्या कमिटवरून (कोडच्या नोंदवलेल्या कोणत्या बदलावरून) आणली ते खाली लिहा.

डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सी, म्हणजे घेतलेल्या लायब्ररी ज्या लायब्ररींवर चालतात त्या, हाताने तपासणं होत नाही. चालणाऱ्या लायसन्सची यादी करून तपासणी सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) लावा आणि लॉकफाइल (वापरलेल्या आवृत्त्यांची यादी) बदलली की ती पुन्हा चालू द्या. लायसन्स आवृत्तीगणिक बदलू शकतं: रेडिस या डेटाबेसने मार्च 2024 मध्ये 7.4 पासून बीएसडी हे मोकळं लायसन्स सोडल्याचं जाहीर केलं. आधीच्या आवृत्त्यांचं बीएसडी मात्र कायम राहिलं.