बर्फाची तयारी अजिंक्यताऱ्यावर

हिवाळ्यात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फाळ शिखरावर निघालेल्या आमच्या मंडळातल्या नव्या सभासदांना मी पहिल्याच बैठकीत सांगते, पायांची नको, घामाची काळजी करा. यवतेश्वर, जरंडा, सज्जनगड करून सातारकराचे पाय तयारच असतात. पण इथे घामावर वारा लागला की बरं वाटतं. तिकडे ३,८१० मीटरच्या माथ्याखाली ओली पाठ घेऊन पाच मिनिटं थांबलात तरी हुडहुडी भरते.

म्हणून डिसेंबरात पहाटे साडेपाचला अजिंक्यतारा चढा. पाण्याच्या बाटल्या भरून सॅक सात-आठ किलोची करा. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झालेत. दहा मिनिटांनी थांबा, कॉलरमधून हात घालून मान-पाठ चाचपा. ओलसर लागली की लगेच एक थर उतरवा. वर मंगळाईच्या देवळापाशी पोचल्यावर उलटं करायचं: थंडी वाजायची वाट न बघता आधी जॅकेट चढवायचं, मग फोटो. त्यासाठी जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर हवं. चालताना शेजारच्याशी नीट बोलता येईल, एवढाच वेग ठेवा. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत मी कुणाचं नाव यादीत पक्कं करत नाही.

सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड ओलं झालं की लवकर वाळत नाही. आतून लोकरी किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, बाहेरून वारा अडवणारं. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबू नका, रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. मोज्यांचा एक कोरडा जोड फक्त झोपायला. कितीही मोह झाला तरी तो घालून चालायचं नाही. गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक्स (घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे खिळे) पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतात.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे बुचाकडचं पाणी मोकळं राहतं. मोबाइल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. गॉगल ढगाळ दिवशीही हवाच, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, तिथलीच कातडी आधी सोलते.

माथ्यासाठी रात्री अडीच-तीनला निघतात, कारण तेव्हा बर्फ कडक असतो. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो.

उंचीमुळे डोकं दुखतंय, मळमळतंय, तर लाजेखातर लपवू नका. लीडरला सांगा. त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, हे साताऱ्यातूनच डॉक्टरांना विचारून निघा.

आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. सॅकमधले थंडीने असे कडक होतात की दात लागत नाहीत.