आतड्यात उतरलेला पित्तखडा दुर्बिणीने काढताना

आपल्याकडे उलट्या सुरू झाल्या की ‘पित्त झालंय’ म्हणून कोकम सरबत आणि ॲसिडिटीची गोळी. जत, आटपाडी किंवा माणहून सत्तरीच्या आजी सांगली-मिरजेला पोचेपर्यंत त्यात तीन-चार दिवस सहज जातात.

पित्ताशयाला वारंवार सूज आली की ते ड्युओडिनमला (जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला भाग) चिकटतं, मध्ये भोक पडतं आणि खडा आतड्यात येतो. अडकणारा खडा बहुधा अडीच सेंटिमीटरहून मोठा. बहुतेक खडे लहान आतड्याच्या शेवटी अडतात. तिथे तोंडावाटे घालायच्या दुर्बिणीचा (स्कोप) हट्ट नको, शस्त्रक्रियाच करा. ड्युओडिनममध्येच अडला (फ्रेंच डॉक्टर बूव्हरेने १८९६मध्ये वर्णन केलेला प्रकार), तर मात्र दुर्बीण आधी.

उलटी स्वतः बघा. खडा ड्युओडिनमच्या तोंडाशीच असेल तर न पचलेलं अन्न पडतं, हिरवं पित्त नाही. सीटीत पित्तनलिकांत हवा, फुगलेलं जठर आणि भलत्या जागी खडा दिसतो. पूर्वी ईआरसीपीत (दुर्बिणीने पित्तनलिकेवर करायचा उपचार) नलिकेचं तोंड कापलं असेल तर हवा तशीही दिसते, म्हणून जुने कागद मागवा. कोलेस्टेरॉलचा खडा सीटीत लपूही शकतो.

आधी रायल्स ट्यूबने (नाकातून जठरात घालायची नळी) जठर रिकामं करा, सलाईन द्या. उलट्यांनी उतरलेलं पोटॅशियम भरून काढल्याशिवाय भूल नको. श्वासनलिकेत नळी घालूनच काम करा, कारण स्कोपमधून सोडलेलं सलाईन वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. आतडं फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरा.

खडा स्कोपमधून घातलेल्या नेट (जाळी) किंवा बास्केटमध्ये (तारेची टोपली) पकडून जठरात ओढता आला तर उत्तम. तिथे जागा मिळते. अख्खा मोठा खडा तसाच अन्ननलिकेत ओढू नका, बास्केटसकट अडकतो. म्हणून मेकॅनिकल लिथोट्रिप्टर (बास्केटमधला खडा दाबून फोडणारं उपकरण) टेबलावर तयार हवा. पकडीत येत नसेल तर खडा फोडायला लेझर किंवा इलेक्ट्रोहायड्रॉलिक (विजेच्या ठिणगीने पाण्यात झटका देणारा) प्रोब. प्रोबचं टोक स्कोपबाहेर स्पष्ट दिसायला हवं, खड्यापासून एक-दोन मिलिमीटरवर, सलाईनमध्ये बुडालेलं. थोडे झटके द्या, थांबा, धुवा, बघा. पाणी गढूळ झालं की हात थांबवा: झटका आतड्याच्या भिंतीला बसला तर रक्तस्राव होतो, भोकही पडतं.

खडा फुटला की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि खरी चूक तिथेच होते. मोठा तुकडा खाली सुटला तर पुढे लहान आतड्याच्या टोकाशी जाऊन पुन्हा रस्ता अडवतो. तुकडे एकेक करून बाहेर काढा, ट्रेमध्ये मांडा, सीटीतल्या मापाशी ताडून बघा. मोठा, टणक खडा दुर्बिणीला दाद देत नाही, असं अनेकदा होतं. तासन्‌तास झटापट करण्यापेक्षा सर्जनना बोलवा. त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं असावं.

पित्ताशय आणि ड्युओडिनममधलं भोक पुष्कळदा आपोआप बुजतं. पित्ताशयात आणखी खडे आहेत का, ते मात्र सोनोग्राफीत पाहा. डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहा: ‘पित्ताशयातला खडा आतड्यात उतरला होता. पुन्हा उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर पित्ताची गोळी देऊन थांबू नका, त्याच दिवशी सीटी करा.’ गावातल्या डॉक्टरांच्या हाती पहिल्यांदा तेच कार्ड पडणार असतं.