सिलिकोसिसची भरपाई कुठे अडते? या चुका टाळा

सिलिकोसिस म्हणजे सिलिकाच्या (दगड-वाळूच्या) धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार. दगडखाण, क्रशर किंवा फाउंड्रीत वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला खोकला आणि धाप लागली की बऱ्याचदा टीबीचीच औषधं सुरू होतात. थुंकीत जंतू सापडत नाहीत, धाप कमी होत नाही, तरी केसपेपरवर टीबीच राहतो आणि पुढचे सगळे हक्क तिथेच अडकतात. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की काम कोणतं, धूळ कसली आणि वर्षं किती. हे केसपेपरवर लिहून घ्या. टीबी खरोखर निघाला तरी सिलिकोसिस नाही असं ठरत नाही. उलट सिलिकाच्या धुळीने खराब झालेल्या फुफ्फुसांना टीबी लवकर जडतो. एक्स-रेची फिल्मही जपून ठेवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असलेल्यांकडून होते. ते साधं आजारपण म्हणून रजा घेत राहतात. त्यात पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, तीही वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. हाच आजार कामामुळे झालेला म्हणून नोंदला गेला तर तो कामावरची इजा धरला जातो. मग तात्पुरत्या असमर्थतेत 90 टक्के मिळतात, तेही असमर्थता असेपर्यंत. असमर्थता कायमची असेल तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. दवाखान्यात उपचार सुरू झाले म्हणून हे आपोआप होत नाही, ईएसआयच्या शाखा कार्यालयात दावा करावाच लागतो.

ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ठेकेदाराकडे होतो म्हणून गप्प बसू नका, मूळ मालकालाही जबाबदार धरता येतं. अनेक मालकांकडे काम झालं असेल तर भरपाई त्यांच्यात वाटली जाऊ शकते. पुरावा मात्र हवा. पगारपावती, गेटपास, पीएफ क्रमांक, बँकेतल्या नोंदी, सोबत्यांचे जबाब, जे हाती लागेल ते आताच गोळा करा. खाण बंद पडली की हजेरीपटही नाहीसा होतो.

थोडी रक्कम हातात ठेवून 'हिशेब चुकता' लिहिलेल्या कागदावर सही घेतात, ती करू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, पण असा कागद पुढे आला की दावा लांबतो.

आयुष्मान कार्डाने रुग्णालयाचा खर्च निघतो, बुडालेली मजुरी नाही. दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेतही वेळ घालवू नका. 2016च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत फुफ्फुसाचा आजार नाही.

रुग्ण दगावला तर घरच्यांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला वाचून घ्यावा. त्यावर नुसतं 'हृदयक्रिया बंद' असेल तर जुनी फाइल डॉक्टरांपुढे ठेवून मूळ आजाराची नोंद मागा. निदानच झालेलं नसेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. अंत्यसंस्कार झाल्यावर तो पुरावा पुन्हा मिळत नाही.