घरात सगळ्यांना आवडेल अशी कादंबरी कशी निवडायची

पोरांसाठी पुस्तक घ्यायचं म्हटलं की आपण आधी त्यांचं वय बघतो, पण मला विचाराल तर ते आपल्याला स्वतःला वाचावंसं वाटतंय का ते बघा, कारण आपल्याला जे कंटाळवाणं वाटतं ते बहुतेक वेळा पोरांनाही वाटतंच, ती फक्त सांगत नाहीत.

सावानात (१८४० पासूनचं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) गेलात की पुस्तक मधूनच उघडून अर्धं पान हळू आवाजात वाचून बघा. जीभ अडखळते का, लेखक उगाच बोबडं बोलतोय का? तसं असेल तर परत ठेवा.

मग बघायचं की एकाच प्रसंगात पोरांना आणि आपल्याला वेगवेगळं काही मिळतंय का. श्यामची आईच घ्या, साने गुरुजींनी १९३३ साली इथेच नाशिकच्या जेलमध्ये लिहिलेली. पोहायला नको म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारत बाहेर काढते, तिथे पोरं श्यामच्या बाजूने असतात आणि आपण मात्र आईचाच विचार करत बसतो, की मारताना तिला काय झालं असेल. पुढे कर्जाचं जे येतं ते मुलांना निम्मंच कळतं, कळू दे निम्मं. उपदेश आहे, भरपूर आहे, पण माणसं इतकी खरी आहेत की खटकत नाही. शिवाय प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, त्यामुळे रोज रात्री एक.

पोरं सहावी-सातवीच्या पुढची असतील तर व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि शाळेत पोरं जमवायची त्याची धडपड, ह्यात मुलं रमतात, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडायला लागते तिथे मोठ्यांचा आवाज अडकतो. माणदेशी शब्द अडला तर अर्थ पटकन सांगून पुढे जा, डिक्शनरी काढून बसू नका.

वाचनाची सवयच नसेल तर फास्टर फेणेपासून सुरुवात करा, भरभर संपतो.

वाचायचं जेवणं झाल्यावर, मोठ्याने, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, एक दिवस तुम्ही एक दिवस पोरगं. वाचून झाल्यावर "काय शिकलास" हे प्लीज विचारू नका, त्याने काही विचारलं तर मात्र झोप बाजूला ठेवून बोला. आणि पन्नास पानं झाली तरी कोणालाच रस येत नसेल तर सरळ बदलून आणा.